मूडलमध्ये टाकलेली फाईल जाते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कॉलेजात मूडल, म्हणजे कोर्स, स्वाध्याय आणि क्विझ ऑनलाइन चालवायची प्रणाली, बसवून देणारा माणूस एकदा येतो, पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि निघून जातो. पुढे ते सांभाळायचे असते प्राध्यापकांनी आणि संगणक प्रयोगशाळेतल्या माणसांनी. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या सहकाऱ्यांचे फोन येतात तेव्हा बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: टाकलेली फाईल सर्व्हरवर राहते कुठे आणि कशी? हे एकदा नीट समजले की निम्मे प्रश्न आपले आपण सुटतात. म्हणून ते प्रश्न जसे विचारले जातात तसेच इथे घेतले आहेत. फोल्डर आणि फाईलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती लहान इंग्रजी लिपीत दिसतील.

मूडल सर्व्हरवर नेमके कुठे असते?

तीन ठिकाणी. पहिले, कोडचे फोल्डर: मूडलचा पीएचपी या संगणक भाषेत लिहिलेला प्रोग्राम. दुसरे, डेटाबेस: विद्यार्थी, कोर्स, गुण, प्रश्नपेढी, कोणी कधी काय टाकले याच्या नोंदी. तिसरे, मूडलडेटा नावाचे फोल्डर: तुम्ही आणि विद्यार्थ्यांनी टाकलेल्या प्रत्यक्ष फाईली.

कोड हरवला तर तो पुन्हा डाउनलोड करता येतो, मूडल मोफत आणि मुक्त आहे. डेटाबेस किंवा मूडलडेटा हरवला तर ते जगात दुसरीकडे कुठेच नसते. मूडलडेटा कुठे आहे हे माहीत नसेल तर कोडच्या फोल्डरमधली कॉन्फिग डॉट पीएचपी ही फाईल उघडा. तिच्यात डेटारूट असे लिहिलेली ओळ असते, पत्ता त्याच ओळीत आहे. वाचा, लिहून ठेवा, काहीही न बदलता बंद करा. या फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्डही उघडा लिहिलेला असतो, त्यामुळे तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

कोडच्या फोल्डरमध्ये एवढे काय काय आहे?

तुम्हाला रोज लागेल असे फारसे काही नाही. मॉड या फोल्डरमध्ये प्रत्येक ॲक्टिव्हिटीचे आपले फोल्डर असते: क्विझ, असाइन, फोरम, रिसोर्स. ब्लॉक्समध्ये बाजूच्या चौकटी, थीममध्ये दिसण्याचा भाग, ऑथमध्ये लॉगिनच्या पद्धती, एनरोलमध्ये नावनोंदणीच्या. लिबमध्ये सगळ्यांना लागणारा सामायिक कोड. ॲडमिनच्या आत सीएलआय नावाचे फोल्डर आहे, त्यात कमांड लाइनवरून चालवायच्या गोष्टी आहेत. देखभाल मोड (काम चालू असताना साइट इतरांसाठी बंद ठेवणे), कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या प्रती) साफ करणे, क्रॉन (आपोआप चालणारे मागचे काम) हे तिथूनच.

५.१ या आवृत्तीपासून वेबवरून उघडायचा बहुतेक कोड पब्लिक नावाच्या फोल्डरच्या आत गेला आहे. जुन्या सूचना वाचून काम करत असाल आणि मॉड फोल्डर सापडत नसेल, तर आधी पब्लिकमध्ये पाहा.

सर, मी बोंडअळीची पीडीएफ टाकली. कोर्समध्ये दिसते, पण सर्व्हरवर शोधली तं सापडूनच नाही राहिली.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून एका फाईलच्या मागे शेवटपर्यंत जाऊ.

प्राणिशास्त्राच्या कोर्समध्ये तुम्ही "गुलाबी बोंडअळी नोट्स" नावाची पीडीएफ ओढून टाकली. या क्षणी ती कोर्समध्ये गेलेली नाही. ती तुमच्या खात्याच्या ड्राफ्ट भागात आहे. तुम्ही सेव्हचे बटण दाबता तेव्हाच तिची नोंद त्या रिसोर्सच्या नावावर होते. ओढून टाकली आणि सेव्ह करायच्या आत लाईन गेली, तर कोर्समध्ये काहीच दिसणार नाही. ड्राफ्टमध्ये राहिलेली ती प्रत चार दिवस उलटल्यावर मूडल आपोआप काढून टाकते.

सेव्ह झाल्यावर काय होते ते पाहू. फाईल आत घेतानाच मूडल तिच्या मजकुरावरून एसएचए-१ या पद्धतीने ४० अक्षरांचा एक संकेत काढते. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे एवढेच येते. याला हॅश म्हणतात. मजकूर तोच तर हॅश तोच. एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. मूडलडेटाच्या आत फाईलडिर नावाचे फोल्डर आहे. हॅशची पहिली दोन अक्षरे हे त्यातले एक फोल्डर, पुढची दोन अक्षरे हे त्याच्या आतले फोल्डर, आणि त्यात पूर्ण ४० अक्षरांच्या नावाने तुमची पीडीएफ. ना "बोंडअळी" हे नाव, ना शेवटी पीडीएफ हा शेपटीचा भाग. म्हणून नावाने शोधून ती कधीच सापडणार नाही.

नाव असते डेटाबेसमध्ये, एमडीएल_फाइल्स या टेबलात. त्या एका ओळीत फाईलचे नाव, हॅश, आकार, कोणी टाकली, कधी टाकली हे सगळे असते, आणि शिवाय ती कोणत्या संदर्भात आहे हेही. आपल्या पीडीएफच्या ओळीत कॉम्पोनंट म्हणून मॉड_रिसोर्स आणि फाईलएरिया म्हणून कंटेंट असे लिहिलेले दिसेल. विद्यार्थ्याने स्वाध्याय म्हणून तीच फाईल जमा केली असती तर कॉम्पोनंट असाइनसबमिशन_फाईल असा झाला असता.

शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच कळते. वावरात कुठेही मालकाचे नाव लिहिलेले नसते. कोणाचे, किती, कोणत्या गटात हे सगळे सातबाऱ्यावर. फाईलडिर म्हणजे वावर, एमडीएल_फाइल्स म्हणजे सातबारा. पीडीएफ शोधायची तर वाट डेटाबेसमधूनच जाते: नावावरून ओळ, ओळीतून हॅश, हॅशवरून फाईल. ती दुसरीकडे कॉपी करून घ्या, नावापुढे पीडीएफ जोडा, नेहमीसारखी उघडेल.

एवढे अवघड करून काय मिळवले? फोल्डरमध्ये नावाने ठेवली असती तं चाललं नसतं?

आधी तसेच होते. १.९ आवृत्तीपर्यंत मूडलडेटामध्ये प्रत्येक कोर्सच्या क्रमांकाचे फोल्डर असायचे आणि फाईली नावानिशी दिसायच्या. तेव्हा एकाच फाईलच्या दहा कोर्सांत दहा प्रती व्हायच्या, कोर्सच्या फाईलींवर ॲक्टिव्हिटीनुसार परवानगी ठेवणे अवघड होते, आणि मराठी नावांनी सर्व्हर बदलताना गोंधळ व्हायचा. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत ही रचना बदलली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. माझ्या मते हा मूडलमधला सर्वांत शहाणा निर्णय आहे. आपल्यासारख्या ठिकाणी तर फारच, कारण आपल्याकडे डिस्क लहान असते आणि फाईलींची नावे मराठीत असतात.

एकच पुस्तिका चार वर्गांत टाकली तर चौपट जागा जाते का?

नाही. मजकूर तंतोतंत तोच असेल तर फाईलडिरमध्ये एकच प्रत राहते, डेटाबेसमध्ये फक्त चार ओळी होतात. साठ विद्यार्थ्यांनी तीच पीडीएफ परत जमा केली तरी जागा एकाच प्रतीची.

पण "तंतोतंत" हा शब्द सोडू नका. तीच पाने पुन्हा स्कॅन केली तर ती नवीन फाईल. वर्डमधून पुन्हा पीडीएफ केली तरी नवीन. वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, म्हणजे तोही नवीन. विभागात एकाने मूळ फाईल ठेवावी आणि बाकीच्यांनी तीच घ्यावी, एवढी शिस्त पाळली तरी जागा वाचते.

कोर्समध्ये मी फोल्डर बनवले आहे, ते तरी डिस्कवर दिसेल ना?

तेही नाही. कोर्समधले फोल्डर ही डेटाबेसमधली एक ओळ असते, तिच्यात फाईलच्या नावाच्या जागी फक्त एक टिंब असते. या ओळींचा हॅश रिकाम्या फाईलचा असतो, आणि तो जगभर सारखाच: डीए३९ ने सुरू होणारा. एमडीएल_फाइल्स उघडल्यावर हाच हॅश शेकडो वेळा दिसला म्हणून घाबरून जाऊ नका आणि त्या ओळी पुसू नका. पुसल्या तर फोल्डर कोर्समधून जातील.

जुने व्हिडिओ काढून टाकले, तरी डिस्क भरलेलीच दाखवून राहिली. काऊन?

काढलेली फाईल टप्प्याटप्प्याने जाते. पहिला टप्पा कोर्सचा रिसायकल बिन. ठरलेली मुदत बदललेली नसेल तर तिथे ती सात दिवस राहते, म्हणजे चुकून काढली असेल तर परत आणता येते. त्यानंतर मूडल पाहते की त्या हॅशची आणखी एखादी ओळ कुठे आहे का. एक जरी असली तरी फाईल हलत नाही. कोणीच उरले नसेल तर ती फाईलडिरमधून ट्रॅशडिर या फोल्डरमध्ये जाते, आणि तिथून साफ होते ती क्रॉन चालल्यावर.

क्रॉन म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणारे मूडलचे मागचे काम. ते दर मिनिटाला चालावे अशी मूडलची शिफारस आहे. डिस्क रिकामी होत नाही अशी तक्रार आली की मी पहिले क्रॉन पाहायला सांगतो. साइट ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये नोटिफिकेशन्सच्या पानावर क्रॉन बंद असल्याची सूचना दिसते. ते बंद असेल तर कचरा साचतो, ईमेल जात नाहीत, ड्राफ्टही पुसले जात नाहीत.

दुसरी जागा म्हणजे कोर्सचे बॅकअप. प्रत्येक सत्रानंतर घेतलेले आणि विसरलेले बॅकअप मूडलच्या आतच साठत जातात. प्रत्येक बॅकअपचा मजकूर वेगळा, त्यामुळे तिथे एकच प्रत ठेवण्याचा फायदा मिळत नाही. ते उतरवून बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मूडलमधून काढा.

कॅशे, लोकलकॅशे, टेम्प, सेशन्स ही फोल्डरे पुसली तर चालतील का?

यातले काहीही मोलाचे नाही, सगळे मूडल पुन्हा तयार करते. तरी हाताने पुसू नका. ॲडमिनच्या मेनूतून पर्ज कॅशेस करा. सेशन्स पुसले तर सगळे लॉगआउट होतात. क्विझ चालू असताना तर हात लावूच नका.

मूडलडेटा वेबवरून थेट उघडता आला तर सोपे नाही का?

सोपे होईल, आणि धोक्याचे. त्या फोल्डरमध्ये विद्यार्थ्यांचे स्वाध्याय आहेत, कोणी जमा केलेली जातीच्या दाखल्याची प्रत असेल, आधारची प्रत असेल. म्हणूनच मूडलडेटा वेबच्या फोल्डरबाहेर ठेवायचा असतो. विद्यार्थी फाईलवर क्लिक करतो तेव्हा प्लगिनफाईल डॉट पीएचपी ही फाईल मध्ये उभी असते. ती आधी लॉगिन पाहते, मग या माणसाला ही फाईल पाहायचा अधिकार आहे का ते तपासते, आणि मगच फाईल देते. तुमच्याकडे मूडलडेटा कोडच्या फोल्डरच्या आत असेल तर बसवून देणाऱ्याला आजच फोन करा. विश्वासाने दिलेले हे कागद आहेत.

फोटो मला दिसते, पोरांना दिसत नाही.

बहुतेक वेळा असे होते की तो मजकूर दुसऱ्या कोर्समधून कॉपी करून इथे चिकटवलेला असतो. चित्राचा पत्ता जुन्या कोर्सचाच राहतो. तुम्ही दोन्ही कोर्सांत आहात, म्हणून तुम्हाला दिसते. विद्यार्थी जुन्या कोर्समध्ये नाहीत, म्हणून प्लगिनफाईल त्यांना अडवते.

चित्र एडिटरमधून नीट टाकले तर मूडल मजकुरात पूर्ण पत्ता ठेवतच नाही. तिथे प्लगिनफाईल हा शब्द, दोन्ही बाजूंना दोन-दोन ॲट चिन्हे लावून, अशी एक खूण ठेवते आणि पान दाखवताना खरा पत्ता भरते. त्यामुळे साइटचा पत्ता बदलला किंवा कोर्स दुसरीकडे नेला तरी चित्र जागेवर राहते. उपाय एकच: चित्र आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्या आणि नव्या कोर्समध्ये पुन्हा टाका. जागा जास्त लागणार नाही, हॅश तोच आहे.

फाईल मोठी आहे म्हणून घेत नाही. मर्यादा वाढवायची कुठे?

एकापुढे एक अशी बरीच दारे आहेत, आणि सर्वांत अरुंद दारातून जेवढी जाईल तेवढीच फाईल जाते. पीएचपीमध्ये एका फाईलची मूळ मर्यादा २ एमबी आणि एका वेळी पाठवायच्या एकूण मजकुराची ८ एमबी असते. इंजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मूळ मर्यादा १ एमबी. त्यानंतर मूडलमध्ये साइटची, कोर्सची आणि शेवटी त्या ॲक्टिव्हिटीची. साइटची मर्यादा वाढवूनही फरक पडत नसेल तर अडथळा पीएचपी किंवा इंजिनएक्सपाशी आहे असे समजा.

पण वाढवण्याआधी वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीचा विचार करा. मेळघाटात किंवा भामरागडकडे तिला रेंज मिळते ती टेकडीवर किंवा रस्त्यापर्यंत चालत आल्यावर, आणि दिवसाचा डेटा घरातल्या तिघांत वाटायचा असतो. ८० एमबीची स्कॅन केलेली पुस्तिका आपल्या सर्व्हरने घेतली म्हणून तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाने काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा, प्रकरणे वेगळी करा, व्हिडिओ मूडलमध्ये न टाकता बाहेर ठेवून त्याची लिंक द्या आणि सोबत त्याच विषयाची दोन पानांची टिपणे जोडा. मर्यादा कमी ठेवणे हा कंजूषपणा नाही. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेचे फोटो जमा करायचे असतील तर मात्र त्या असाइनमेंटची मर्यादा थोडी सैल ठेवा, कारण फोटो लहान कसा करायचा हे सगळ्यांना येत नाही.

मराठी नाव दिले तर फाईल बिघडते का?

नाही. डिस्कवर नाव नसतेच, आणि डेटाबेसमध्ये युनिकोड चालते. "संत्रा बहार व्यवस्थापन सत्र ३" असे सरळ नाव द्या. "नवीन फायनल २" असे नको.

लोक ज्याला बिघडणे म्हणतात ते वेगळेच असते. कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाईल विद्यार्थ्याच्या फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मूडलने तिला हात लावलेला नसतो. तो फॉन्ट फोनमध्ये नसतो एवढेच. जुन्या नोट्स पीडीएफ करून टाका म्हणजे फॉन्ट फाईलबरोबर जाईल, आणि नवीन लिखाण युनिकोडमध्येच करा. मूडलच्या शोधात आणि अंध विद्यार्थ्यांच्या वाचकयंत्रातही युनिकोडच चालते.

मूडलचे काही मराठी शब्द आम्हाला पटत नाहीत. लँग फोल्डरमध्ये बदलू का?

कोडमध्ये बदलू नका, पुढच्या अपडेटला सगळे पुसले जाईल. लँग्वेज कस्टमायझेशनमधून बदला. ते बदल मूडलडेटामध्ये, लँगच्या आत, एमआर_लोकल या फोल्डरमध्ये राहतात आणि अपडेटनंतरही टिकतात.

बॅकअप म्हणजे नेमके काय घ्यायचे?

इथे सावकाश वाचा. कोर्सचा बॅकअप आणि साइटचा बॅकअप या वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्सचा बॅकअप म्हणजे एमबीझेड फाईल. ती उघडली तर आत मूडल_बॅकअप डॉट एक्सएमएल, ॲक्टिव्हिटींची आणि सेक्शनची फोल्डरे, प्रश्नांची यादी आणि फाईल्स नावाचे फोल्डर दिसते. त्या फोल्डरमध्येही फाईली हॅशच्याच नावाने असतात. ती एक कोर्स दुसरीकडे नेण्यासाठी चांगली. नव्या आवृत्तीतली एमबीझेड जुन्या आवृत्तीत चालेल असे धरू नका.

साइटसाठी डेटाबेस आणि मूडलडेटा दोन्ही, आणि एकाच वेळचे. फक्त डेटाबेस असेल तर नावे सगळी आहेत, फाईल एकही उघडत नाही. फक्त मूडलडेटा असेल तर हजारो निनावी फाईली, कोणाची कोणती ते कळत नाही. आठवड्यापूर्वीचा मूडलडेटा आणि आजचा डेटाबेस जोडला तर आठवडाभराचे स्वाध्याय गायब.

देखभाल मोड लावा, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घ्या, मग मूडलडेटा कॉपी करा. क्रम हाच ठेवा. देखभाल मोड लावणे शक्य नसेल तर हा क्रम आणखी महत्त्वाचा: मधल्या वेळात नवीन फाईल आली तर कॉपीमध्ये ती जास्तीची राहील, त्याने नुकसान नाही, उलट्या क्रमाने केले तर नोंद असेल आणि फाईल नसेल. कॅशे, लोकलकॅशे, टेम्प, सेशन्स, ट्रॅशडिर सोडून दिले तरी चालते. सोबत कॉन्फिग डॉट पीएचपी आणि जास्तीचे प्लगिन (मूडलला वेगळे जोडलेले भाग) कोणते आहेत त्याची यादी ठेवा.

ही प्रत त्याच खोलीत ठेवू नका. उन्हाळ्यात चंद्रपूर-यवतमाळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, सुट्टीत खोली बंद असते, पावसाळ्याच्या तोंडावर विजा आणि व्होल्टेजचे झटके. एक बाहेरची डिस्क प्राचार्यांच्या कपाटात, एक दुसऱ्या इमारतीत. आणि सत्रातून एकदा तरी जुन्या संगणकावर ती प्रत उभी करून पाहा. एक पीडीएफ उघडली, एका विद्यार्थ्याचा स्वाध्याय उघडला, तर बॅकअप खरा.

सर्व्हर बदलायचा आहे. कोणत्या दोन ओळी बदलतात?

कॉन्फिगमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट, म्हणजे साइटचा पत्ता, आणि डेटारूट. डेटाबेसचे तपशील वेगळे असतील तर तेही. हलवल्यावर पाने दिसतात पण फाईल टाकता येत नाही, असे झाले तर मूडलडेटावर वेब सर्व्हरच्या युजरला लिहिण्याचा अधिकार मिळालेला नाही. फाईलडिरच्या आतली रचना बदलायची गरज पडत नाही.

आमच्या गावात नेट टिकतच नाही. तिथे हे सगळे काय कामाचे?

कामाचे आहे. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये कोर्स उतरवून घेता येतो. कॉलेजच्या वाय-फायवर उतरवला की घरी नेटशिवाय वाचता येतो. उतरवलेल्या फाईली ॲपच्या स्वतःच्या जागेत राहतात, म्हणून "गॅलरीत दिसत नाही" अशी तक्रार आली तर ॲप उघडूनच पाहायला सांगा. ॲप काढले की त्याही जातात.

दुसरा मार्ग मूडलबॉक्सचा: रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बसवलेले मूडल. तो स्वतःचे वाय-फाय सोडतो, बाहेरचे इंटरनेट नसले तरी वर्गातले फोन त्याला जोडता येतात. त्यातही रचना हीच आहे, फक्त सगळे एका मेमरी कार्डावर. लाईन अचानक गेली तर कार्ड खराब होऊ शकते, म्हणून पॉवर बँक किंवा लहान यूपीएस लावा आणि बंद करताना मेनूतूनच बंद करा.

कोणीतरी फाईलडिरमधल्या "विचित्र नावाच्या" फाईली कचरा समजून पुसल्या. आता?

आधी साइट देखभाल मोडवर टाका, म्हणजे नवीन भर पडणार नाही, आणि त्या डिस्कवर दुसरे काही लिहू नका. बॅकअप असेल तर त्यातला फाईलडिर आताच्या फाईलडिरवर कॉपी करा. आहे त्या फाईली तशाच राहतील आणि गेलेल्या आपापल्या जागी बसतील, कारण जागा हॅशवरून ठरते.

बॅकअप नसेल तरी सगळे संपलेले नाही. डेटाबेसमध्ये नोंदी शाबूत आहेत, म्हणजे कोणत्या फाईली गेल्या आणि त्या कोणी टाकल्या होत्या याची पूर्ण यादी तुमच्या हातात आहे. ती यादी काढून विभागवार वाटा. ज्यांच्या पेनड्राइव्हवर, मेलमध्ये किंवा लॅपटॉपवर मूळ फाईल आहे त्यांना ती कोणत्याही एका कोर्समध्ये पुन्हा टाकायला सांगा. मजकूर तोच असेल तर हॅश तोच येतो, फाईल जुन्याच जागी जाऊन बसते, आणि ती जिथे जिथे वापरली होती त्या सगळ्या कोर्सांत पुन्हा उघडू लागते. पुन्हा स्कॅन करू नका, पुन्हा पीडीएफ करू नका. मूळ फाईलच हवी. विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायांसाठीही हेच करा, आणि त्यांना सांगा की त्यांची फाईल कॉलेजच्या सर्व्हरवरून गेली आहे, त्यांनी वेळेत जमा केल्याची नोंद मात्र तारीख-वेळेसह आहे.